ज्याच्या शब्दावर विमानं उतरायची

मिल्या,

तू गेल्याची खबर रशीदभाईनं आणली, आणि मी तिच्यावर चढती केली. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं याच्याहून वाईट आहे.

तूर काढायचे दिवस होते. दुकानासमोर दोन थ्रेशर उभे. एकाची जाळी फाटलेली, दुसऱ्याचा मालक फाटलेला, आणि दोघांचा आवाज सारखाच. रशीदभाई समोरच्या टपरीतून रस्ता ओलांडून आला, पण त्याच्या हातात किटली नव्हती. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. या माणसाला मी तीस वर्षांत रिकाम्या हातानं चालताना पाहिलेलं नाही. त्याच्या निकाहाच्या फोटोतसुद्धा हातात किटली आहे, असं मी गावभर सांगतो आणि गाव मानतं.

"बबनभाऊ," तो म्हणाला, "मिलिंदभाऊ गेले. तिकडंच. कॅनडात, बर्फ काढायच्या मशीनवर बसल्या बसल्या."

मी वेल्डिंगचा होल्डरसुद्धा खाली ठेवला नाही. म्हणालो, "जाते कुठं तो. यमाचा रेडा तिकडं पोचला असन तं त्याचे खूर गोठले असन. मिल्यानंच त्याले वायर लावून गरम केलं असन आन् वापस पाठवला असन."

रशीदभाई हसला नाही. माझ्या थापेवर तो पहिल्यांदाच हसला नाही. खांद्यावरचं फडकं काढून त्यानं नुसते हात पुसले, कोरडे हात, आणि तिथंच थ्रेशरच्या चाकाला टेकून उभा राहिला. मग मी होल्डर खाली ठेवला.

हे पेपरात छापून येणार आहे, आणि छापणारे म्हणतात की अनोळखी माणसालाही समजलं पाहिजे. म्हणून तुला ठाऊक असलेलंच तुला सांगतो. कंटाळू नकोस. तसाही तुझ्याकडे आता वेळच वेळ आहे.

चढती म्हणजे आपली थापांची चढाओढ. एकानं फेकायची, दुसऱ्यानं त्याच्या वरची फेकायची. नियम एकच, 'खोटं' म्हणायचं नाही. ज्याच्या तोंडून 'खोटं' निघालं तो हरला, चहा त्यानं पाजायचा. नववीत असताना किन्हीराजाच्या शाळेमागं आपण हे सुरू केलं, आणि पस्तीस वर्षांत तू एकदाही हरला नाहीस, मीही नाही. मी म्हणायचो, आमच्या आज्याची विहीर इतकी खोल की सकाळी बादली सोडली तर दुपारी खालून 'मिळाली' असा आवाज यायचा. तू म्हणायचास, मिळाली म्हणणारा माणूस आमच्याच वाड्यातला, आम्ही त्याला रोज दोरीनं भाकर पाठवायचो. फाट्यावर मी वेल्डिंगचं दुकान टाकलं तेव्हा मी म्हणालो, माझी ट्रॉली अशी की ट्रॅक्टर मरून जाईल, ट्रॉली एकटी शेतात जाऊन येईल. तू म्हणालास, जाऊन आली, काल आमच्या शेताच्या धुऱ्यावरून गेली, मी तिला रामराम केला. रशीदभाई दोन्ही हातात ग्लास घेऊन ऐकत उभा असायचा. चहा शेवटी आपण आपापलाच घ्यायचो.

फरक एवढाच होता की मला फेकण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि तुला इंजीन यायचं. डिझेल इंजिनाच्या पोटावर हात ठेवून तू त्याचा ताप सांगायचास. त्याच हातावर तू आधी आखातात गेलास, तिथल्या विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त केल्यास. तिथून कॅनडाच्या माथ्यावर गेलास, नकाशात पार वर, जिथं छापणाऱ्याची शाई संपते आणि कोरा कागद लागतो. वहिनीची इथं अंगणवाडी होती, तुझी लेक सुजी लहान होती. तू म्हणालास, दोन वर्षं. झाली चौदा.

त्या विमानतळाचं नाव मला कधी म्हणता आलं नाही. आल्यासारखं वाटायचं तेव्हा शिंक यायची. पण तो कसा आहे ते मला आपल्या फाट्याइतकं पाठ आहे, कारण तू पहिल्या सुट्टीवर आलास तेव्हा माझ्या दुकानातल्या फरशीवर खडूनं काढून दाखवलं होतंस. एकच धावपट्टी. या टोकाला लाल पत्र्याची इमारत, ती साध्या माणसांची. तिथून गरोदर बाया दक्षिणेकडच्या दवाखान्यात जातात, तिथंच कोबी उतरतो, पोस्ट उतरतं, म्हातारी माणसं उतरतात. त्या टोकाला फौजेचे हँगर. तिकडं जायचं नाही, फोटो काढायचा नाही, कोण आलं कोण गेलं विचारायचं नाही. "आन् मधातला बर्फ कोनाचा?" मी विचारलं. "दोघाईचा," तू म्हणालास, "पन काढाचा म्या."

ते वाक्य मी तुझ्या नावानं शंभर जागी सांगितलं आहे. त्यातला बर्फ मी वाढवत वाढवत तिमजली केला.

आता अडचण अशी झाली की तू तिथून खरं सांगायला लागलास. म्हणालास, तिकडं इतकी थंडी की गाडी उभी ठेवली तर टायर खालून चपटे होऊन तसेच गोठतात. सकाळी निघालं की चौकोनी चाकाची गाडी चालवल्यासारखं वाटतं, धडधड धडधड, मग मैलभरानं गोल होतात. म्हणालास, प्रत्येक गाडीच्या तोंडातून वायर लोंबत असते, कुठंही गेलं की भिंतीतल्या पिनला लावायची, नाहीतर इंजीन दगड. म्हणालास, तिकडं होकायंत्र काही कामाचं नाही, सुई भरकटते, पायलट लोक तिच्याकडे पाहतसुद्धा नाहीत. म्हणालास, हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही आणि उन्हाळ्यात मावळतच नाही. माझं दुकान भरलेलं असायचं. लोक मांड्यांवर थापा मारायचे. म्हणायचे, "बबन्या, तुह्यं काही खरं नाई आता. मिल्यानं तुले पार केलं." मी चढती करायचो: "टायर चौकोनी होते? आमच्या इथं मे महिन्यात बस निघून गेली आन् टायर रस्त्यावरच राह्यले. वाशीमले पोचल्यावर प्रवाशायले समजलं का आपन बिनटायरचे आलो."

पहिल्या दोन सुट्ट्यांना तू फोनमधले फोटो दाखवलेस. कोणी तरी म्हणालं, हल्ली फोनमध्ये सारंच बनवता येते. तिसऱ्या सुट्टीला तू फोन खिशातच ठेवलास. लोकांना खुशी पाहिजे होती, तू ती दिलीस. माझ्या खोट्याला लोक खरं म्हणत आणि तुझ्या खऱ्याला खोटं, आणि मला ते गोड लागत होतं. लागत होतं म्हणजे, मी जिंकतो आहे असं वाटायचं.

भांडण झालं ते मागच्या सुट्टीत. ते अर्धं राहिलं. तू दुकानात एकटा आलास, मी एका नांगराचा फाळ जोडत होतो. तू त्या ट्रॅक्टरच्या जुन्या सीटवर बसलास, जिच्यावर आपण नेहमी बसायचो.

"बबन्या, एक डाव मान ना बे का हे सारं खरं हाय."

"खरं हाय. आता याच्या वरची सांग."

"तसं नाई. खरंखुरं मान."

"खरंखुरं मानलं. सांग."

तू उठलास. तुझ्या आवाजात काही तरी बदललं होतं, आणि मला वाटलं ती चढतीचीच नवी तऱ्हा आहे. तू म्हणालास, "तिकडं म्या मशीन बाहेर काढतो, रेडिओवर सांगतो, धावपट्टी मोकळी. तेवढंच. चाळीस मानसं बसलेलं इमान त्या एका शब्दावर खाली येते. फौजेवालेही त्याच शब्दावर येते. चौदा वर्षांत एकानंही इचारलं नाई का, मिलिंद, कायवरून. आन् इथं म्या टायर चपटं होते म्हनलं तं तू दात काढतं."

मी म्हणालो, "चाळीसच? आमच्या बसमधी तं अमावस्येले नव्वद बसते, आन् कंडक्टरच्या शब्दावर उतरतबी नाईत."

रशीदभाईनं चहा आणला होता. तू ग्लास उचलला नाहीस. तीन दिवसांनी तू परत गेलास, जाताना फाट्यावर गाडी थांबवून मला हात केलास. मी हातोडा वर करून दाखवला. मिटलं असं मी धरलं. तू काय धरलंस ते विचारायचं राहिलं, आणि मी माणसाला काही विचारत नाही, सांगतो, ही खोड तुला माहीतच आहे.

याच सुट्टीत तू मला ते हेल्मेट आणलं होतंस. ठिणगी पडली की काच आपोआप काळी होते, विझली की पुन्हा साफ. तोवर मी काळ्या काचेचा तुकडा हातात धरून काम करायचो, नाही तर नुसते डोळे मिटून, आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. शाळेत असताना तू आमच्या घरी येऊन माझ्या डोळ्यांवर किसलेल्या बटाट्याची पट्टी ठेवायचास. पहिल्यांदा माझे डोळे भाजले ते आपण दोघांनी चोरून माझ्या बापाचं वेल्डिंग मशीन चालू केलं तेव्हा, आणि तू मार खाताना म्हणालास की मशीन तू एकट्यानं चालू केलं होतंस. ते खोटं होतं. चढतीबाहेर तुझ्या तोंडून ऐकलेलं एकमेव खोटं ते, आणि ते माझ्या बापानं लगेच मानलं. आज मला दोन डोळे आहेत ते तुझे आहेत. हेल्मेटबद्दल मी गावात सांगितलं की हे चंद्रावर गेलेल्या माणसाचं आहे, आतून अजून थंड लागतं. तुला मात्र आभार म्हणालो नाही. आभार म्हणजे आपल्यात हरल्यासारखं होतं ना.

मग तुझी पेटी आली.

अकरा दिवस लागले. तिथलं वादळ, मग कागद, मग एका विमानातून दुसऱ्यात. नागपूरहून गाडीनं किन्हीराजात आणली तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. बाहेरून लाकूड, आतून पत्र्याचा डबा, आणि डब्याला चारी बाजूंनी डाख दिलेली, हवाबंद. वहिनीनं एवढंच म्हटलं, तोंड पाहू द्या. बौद्धाचार्य थांबले, गाव थांबलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक होतं. गावात पत्र्याचं काम दुसरं कोण करतं.

मिल्या, मी तुझ्यापुढं बढाई मारत नाही, पण इतकी सरळ डाख मी जन्मात पाहिली नव्हती. कुठं थेंब नाही, कुठं उंचवटा नाही. कोणी तरी सावकाश, मन लावून केलं होतं. ग्राइंडर लावायची हिंमत झाली नाही. आवाज झाला असता, ठिणग्या उडाल्या असत्या, आणि तुझ्या डोक्याशी ठिणग्या उडवायला माझा हात धजला नसता. मी छिन्नीनं एका कोपऱ्याला तोंड पाडलं आणि पत्रा कापायच्या कातरीनं बोट बोट पुढं सरकत गेलो. ठिणगीचा प्रश्नच नव्हता, तरी मी तुझं हेल्मेट घातलं होतं आणि काच खाली ओढली होती. लोकांना वाटलं काळजी घेतो आहे. त्या काचेमागं काय चाललं होतं ते फक्त त्या काचेला ठाऊक.

तू तसाच होतास. मिशी नीट केलेली, कोणी केली कोण जाणे. अंगावर विमानतळावरचं केशरी जाकीट. डावा हात उजव्याच्या खाली ठेवलेला. त्या हातावरून माझी नजर हटेना. का हटेना ते पुढं येतं.

त्रिसरण झालं, पंचशील झालं, आणि नदीकडच्या जागेत तुला अग्नी दिला. चौदा वर्षं थंडीत उभा राहिलेला माणूस शेवटी ऊब मिळवून गेला, असं कोणी तरी म्हणालं. माझ्याकडून अपेक्षा होती की मी त्याच्या वरचं काही म्हणावं. मी म्हटलं नाही.

पेटीबरोबर तिथल्या साहेबाचं पत्र आलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुजीनं ते वाचून मराठीत सांगितलं. आता ती मोठी झाली आहे, वाशीमला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तू म्हणायचास तशी अजूनही वाक्य सुरू करायच्या आधी नाक ओढते. पत्रात लिहिलं होतं की त्या दिवशी बर्फ जोरात होता, प्रवासी विमान वर घिरट्या घालत होतं, त्याच्या मागं फौजेची दोन. मिलिंदनं पट्टी साफ केली, मशीन रेषेच्या बाहेर नेऊन उभी केली आणि रेडिओवर सांगितलं, धावपट्टी मोकळी. विमान उतरलं. मग फौजेची दोन्ही उतरली. मशीन जागची हलेना म्हणून एक जण पाहायला गेला. इंजीन चालू होतं. शेवटी साहेबानं लिहिलं होतं की चौदा वर्षांत या माणसानं दिलेली खबर कधी चुकीची निघाली नाही.

सुजीनं ते वाक्य दोनदा वाचलं. विहारात बसलेल्या गावानं ऐकलं. त्यातले निम्मे लोक तुझ्या चौकोनी टायरांवर मांड्या थोपटत हसलेले होते. मी पुढच्या रांगेत होतो.

कार्यक्रम झाल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, बाबाच्या मोबाईलवर शेवटचा फोन तुमचा हाय. दोन दिवस आधीचा. बावीस मिनिटं. काय बोलले बाबा?"

मिल्या, माझ्या तोंडाला पस्तीस वर्षांचं वळण आहे. विचारायच्या आत ते चालू होतं. मी म्हणालो, "तुह्यंच नाव घेत होता. म्हणे, सुजीचं शिक्षन झालं का तिले इकडं आनतो, उन्हाळ्यातला न मावळनारा सूर्य दाखवतो, आन् तिच्या टोपीत ठेवून देतो."

ती रडली आणि हसली. वहिनी रडली. आता ते वाक्य फाट्यावरच्या फ्लेक्सवर छापलेलं आहे, तुझ्या फोटोखाली, मोठ्या अक्षरात, 'बाबांचे शेवटचे शब्द'. फ्लेक्स माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर. मी सकाळी शटर वर करतो की तू टोपीतला सूर्य घेऊन माझ्याकडे पाहत असतोस.

तू खरं काय बोललास ते आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता मला एकट्याला. म्हणून इथं मांडतो, जसंच्या तसं, एक शब्द न वाढवता.

सकाळचे आठ वाजले होते, मी शटर उघडत होतो. तुझ्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ.

"बबन्या, दुकान उघडलं का?"

"उघडलं. तुह्या तिकडं सूर्य उघडला का?"

"नाई बे. त्याचं शटर बंदच हाय अजून."

मग तू थ्रेशरचं विचारलंस, पाऊस पडला का विचारलंस, रशीदभाईच्या गुडघ्याचं विचारलंस. मी प्रत्येकाचं दुप्पट करून सांगितलं. मग तू म्हणालास, "बबन्या, चार दिवस झाले, मावाला डावा हात झोपून राह्यला. मशीनचा दांडा धरला का झोपते. मुंग्या येते, पार जबड्यापर्यंत जाते."

मी म्हणालो, "हातच ना? मावाला पाय होळीले झोपला तो पोळ्याले उठला. तवरोक म्या शेजाऱ्याचा पाय मांगून फिरलो."

तू हसलास. हसता हसता थांबलास. "हसू नको आनू बे. दम लागते. छातीवर कोनी नांगर टेकवून बसल्यावानी वाटते."

"नांगरावर भागलं तुह्यं. मायावर तं काल रोटावेटर चालून गेला, वरून हरभरा पेरला."

"सुजीले इचारू का? ते शिकून राह्यली ना हेच."

"तिची परीक्षा हाय. तिले कायले घोर लावतं. तुह्या तिकडच्या अस्वलाची चरबी चोळ, हात असा उठन का फौजेवाले सलाम घेईन."

लाइनवर तिकडचा वारा ऐकू येत होता. मग म्हणालास, "बबन्या."

"बोल."

"काई नाई. पट्टी पाहाची हाय. ठेवतो."

झालं. बावीस मिनिटं. महिना झाला, मी स्वतःला समजावतो आहे की तूही चढतीच खेळत होतास. पण चढतीत तू कधी 'काही नाही' म्हणून उठला नव्हतास. तुझं टायर खरं होतं, वायर खरी होती, सुई खरी होती, हातही खरा होता. तिथं अनोळखी पायलट तुझ्या एका शब्दावर चाळीस जीव खाली आणत होता, आणि इथं तुझा एकुलता एक दोस्त तुझ्या हातावर अस्वलाची चरबी चोळत होता. तू 'खोटं' म्हणून खेळ मोडला असतास तर बरं झालं असतं, असं तुला मी म्हणणार नाही. मीच म्हणायला पाहिजे होतं: मिल्या, खेळ थांबव, मी हरलो, डॉक्टरला हात दाखव.

काल मी तुझ्या घरी गेलो. सुजी सुट्टीवर आली आहे. ओसरीत पुस्तक उघडं होतं, पण ती वाचत नव्हती. वहिनी सुपात तूर पाखडत होती. मी खाली बसलो. पाणी मागितलं नाही, हालहवाल विचारली नाही, त्यामुळे दोघीही घाबरल्या.

"सुजी," मी म्हणालो, "ते टोपीतल्या सूर्याचं तुह्या बापानं म्हटलंच नाई. ते म्या बनवलं."

सूप थांबलं.

मग मी सारं सांगितलं. हात, मुंग्या, जबडा, नांगर. सुजीला विचारू का म्हणाला होतास, आणि मी नको म्हटलं. एक शब्द वाढवला नाही, मिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जेवढी आहे तेवढीच सांगितली, आणि ती इतकी लहान झाली की ओसरीत पडल्यावर आवाजसुद्धा आला नाही.

सुजी माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं पोचलं. वाटलं आता ही उठेल, मला बाहेर काढेल, पायरीवरून ढकलेल. मी त्यासाठीच गेलो होतो. पण तिचा चेहरा मऊ झाला. तिनं नाक ओढलं.

"काका, आईनं तुमाले सांगतलं ना?"

"काय?"

"का मी जेवत नाई. का मी नर्सिंग शिकते आन् मले बाबाचं कळलं नाई, म्हनून मी रडते. दर आयतवारी बोलत होती मी बाबासंग. मले आवाजातून समजाले पायजे होतं." तिनं पुस्तक मिटलं. "तुमी ते आपल्या अंगावर घेऊन राह्यले. समजते मले. लक्षनं बी पुस्तकातल्यासारखी आनली, डावा हात, जबडा. कोनाले इचारून आले?"

"सुजी, त्यानंच सांगतलं मले. तुह्यी आन."

"बाबाले असं काई झालं असतं तं त्यायनं पयले मले सांगतलं असतं. तुमाले कायले सांगन?" ती हसली, डोळे पुसत, अगदी तुझ्यासारखी. "तुमी लय चांगले हा, काका. पन हे खोटं हाय."

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं सूप पुन्हा उचललं. तीही मान हलवत होती, हळू, मायेनं, एखाद्या वेड्या माणसाकडे पाहावं तशी. हे छापून आलं की दोघी वाचतील आणि म्हणतील, काकांनी पेपरातसुद्धा फेकली. फ्लेक्स तसाच राहील, ऊन खाऊन अक्षरं उडेपर्यंत.

"बसा," सुजी उठत म्हणाली. "चहा ठेवते."

मी नको म्हणालो. ती आत गेली होती. स्टोव्हचा आवाज आला, दुधाचा वास आला. तिनं कप माझ्या हातात दिला, कान माझ्याकडे करून, तू द्यायचास तसा. आपला नियम तिला कोणी सांगितलेला नाही.

मी सगळा प्यालो, मिल्या. पस्तीस वर्षांच्या चढतीत पहिल्यांदा दुसऱ्यानं पाजलेला.